चोन कुळाच्या जुन्या शब्दयाद्या: मूळ शब्दापर्यंत कसं पोचायचं

दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडच्या चोन भाषाकुळावर काम करायचं म्हणून कुणी माझ्याकडे आलं, की मी त्यांना आधी तारा लावायला बंदी करते. तारा म्हणजे पुनर्रचित रूपाच्या आधी लावतात ते * हे चिन्ह. हे रूप कुणी उच्चारलेलं ऐकलेलं नाही, तुलनेतून काढलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. ते लावायला फार सोपं असतं आणि एकदा लागलं की पुढचे लोक त्याला पुरावा समजू लागतात. म्हणून तारा शेवटी. आधी याद्या वाचायला शिका.

हे कुळ लहान आहे. मुख्य भूमीवर, आजच्या अर्जेंटिनाच्या सांता क्रूस प्रांतात तेवेल्चे. तिच्या उत्तरेला तेउशेन, जी केवळ जुन्या शब्दयाद्यांतून माहीत आहे. मॅगेलनची सामुद्रधुनी ओलांडून तिएरा देल फुएगोच्या मोठ्या बेटावर सेल्कनाम आणि त्याच बेटाच्या पूर्व टोकाला हाउश. तेवेल्चे अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती म्हणून ज्यांची नोंद आहे, त्या दोरा मांचादो 2019च्या जानेवारीत वारल्या. म्हणजे ‘हा शब्द परत एकदा म्हणून दाखवता का?’ असं विचारायची सोय उरलेली नाही. जे आहे ते कागदावर आणि ध्वनिफितींवर.

पहिलं काम: प्रत्येक यादीला स्वतंत्र रकाना द्या. ‘तेवेल्चे’ असा एकच रकाना करून त्यात पाचशे वर्षांचे शब्द कोंबू नका. रकान्याच्या डोक्यावर चार गोष्टी लिहा: वर्ष, ठिकाण, लिहिणाऱ्याची मातृभाषा आणि शब्द मिळाला कसा. चौथी गोष्ट लोक विसरतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

सगळ्यात जुन्या यादीचंच बघा. 1520मध्ये मॅगेलनचा जहाजांचा ताफा हिवाळ्यासाठी सांता क्रूसच्या किनाऱ्यावरच्या सान हुलियान बंदरात थांबला होता. तिथल्या माणसांना फसवून, पायांत बेड्या अडकवून जहाजावर नेलं. पिगाफेत्ता या इटालियन प्रवाशाने त्यांतल्या एकाकडून सुमारे नव्वद शब्द उतरवून घेतले. तो स्वतःच लिहितो की त्या माणसाने खायला ‘कापाक’ आणि प्यायला ‘ओली’ मागितलं. ते शब्द आपण लिहितोय हे त्याने पाहिलं, आणि नंतर हातात लेखणी दिसली की काय हवंय ते त्याला कळू लागलं. तो माणूस पुढे प्रवासातच मेला. यादी वाचताना हे डोळ्यांसमोर ठेवा. त्याचा आदर म्हणून ठेवाच, पण पद्धतीसाठीही ठेवा. दुभाषा नव्हता. शब्द बोट दाखवून किंवा मागणीतून आलेत. त्यामुळे शरीराचे अवयव, पाणी, आग अशा दाखवता येणाऱ्या गोष्टींवर बराच विश्वास ठेवता येतो. पण त्याच यादीत सोन्यासाठी ‘पेलपेली’ आहे. विचारणाऱ्याच्या मनात सोनं होतं. सांगणाऱ्याच्या मनात चकाकणारी कुठलीही वस्तू असू शकते. असा शब्द मी अर्थाच्या जागी प्रश्नचिन्ह घालून ठेवते आणि तुलनेत घेत नाही.

दुसरं काम: लिपी सोलून काढा. ‘हात’ या अर्थाचा पिगाफेत्ताचा शब्द रोमन लिपीत सी-एच-ई-एन-ई असा आहे. इटालियन नियमाने वाचला तर ‘केने’. पण उत्तर इटलीच्या बोलींत सी-एच ही जोडी ‘च’साठीही वापरली जायची आणि पिगाफेत्ता तिथलाच, विचेन्झाचा. मग कुठला उच्चार धरायचा? इथे नंतरच्या याद्या मदतीला येतात. तेवेल्चेच्या पुढच्या नोंदींत हात ‘चेन’ किंवा ‘त्सेन’ आहे, सेल्कनाममध्ये ‘चेन’. म्हणजे पिगाफेत्ताने ‘क’ नव्हे, ‘च’च ऐकला असणार. एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली नोंद सोळाव्या शतकातलं अक्षर कसं वाचायचं ते सांगते. उलट दिशेने जाऊ नका. सी-एच म्हणजे इटालियन ‘क’ असा नियम धरून ‘केन’ला मूळ रूप ठरवाल, तर पुढची सगळी इमारत वाकडी उभी राहील.

मराठी माणसाला इथे एक फायदा आहे आणि एक धोका. आपल्या कानाला ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च वेगळे कळतात, म्हणून ‘चेन’ आणि ‘त्सेन’ यांतला फरक आपल्याला चटकन जाणवतो. धोका असा की देवनागरीत दोन्हींना अक्षर एकच. टिपणं देवनागरीत ठेवत असाल तर दंत्य उच्चारासाठी सरळ ‘त्स’ लिहा. शिवाय तेवेल्चेत क दोन आहेत, एक नेहमीचा आणि एक घशाच्या मागून, पडजिभेपाशी निघणारा. दुसऱ्याला नुक्ता द्या: क़. आणि श्वास कोंडून फटकन सोडलेली व्यंजनं असतात, त्यांच्यापुढे ’ हे चिन्ह ठेवा: क’, च’. हे आपल्या महाप्राणासारखं नाही, ख किंवा छ लिहून भागवू नका. जुन्या लेखकांपैकी बहुतेकांना हे फरक ऐकूच आले नाहीत. म्हणून ज्या यादीत ते दिसत नाहीत, तिथे ते ‘नव्हते’ असं म्हणू नका.

स्वरांचं गणित त्यामानाने सोपं. तेवेल्चेत स्वर तीनच, आ, ए, ओ, प्रत्येक ऱ्हस्व आणि दीर्घ. लिहून घेणारे मात्र पाच किंवा जास्त स्वर असलेल्या भाषांतले. त्यामुळे एका यादीत इ आणि दुसरीत ए, किंवा उ आणि ओ, एवढाच फरक असेल तर तो बहुधा लिहिणाऱ्याच्या कानाचा असतो. इंग्रज प्रवासी मस्टर्स 1869-70मध्ये तेवेल्चे लोकांबरोबर सांता क्रूसपासून रिओ नेग्रोपर्यंत हिंडला. त्याच्याकडे ‘एक’ हा ‘चुचे’ आहे. नंतरच्या नोंदींत ‘चोचे’. यातून ध्वनिबदलाचा नियम काढू नका.

आता संच बांधा, म्हणजे एकाच अर्थाचे, एकमेकांसारखे दिसणारे शब्द वेगवेगळ्या रकान्यांतून शेजारी मांडा. डोळा: पिगाफेत्ताकडे ‘ओतेर’, तेवेल्चेत ‘ओतेल’, सेल्कनाममध्ये ‘ओत्र’. माणूस: तेवेल्चेत ‘चोंक’, सेल्कनाममध्ये ‘चोन’. या शेवटच्या शब्दावरूनच जर्मन अभ्यासक लेमन-निचे यांनी 1913मध्ये या भाषागटाला नाव दिलं. डोळ्याच्या संचात तेवेल्चेचा शेवटचा ल आणि सेल्कनामचा र समोरासमोर येतात. मोह होईल, पण एका शब्दावर नियम उभा राहत नाही. हीच जोडी निदान आणखी दोन-तीन शब्दांत, शब्दातल्या त्याच जागी सापडते का ते शोधा. तोवर पेन्सिलीनेच लिहा.

‘पाणी’ हा शब्द मी मुद्दाम सगळ्यांना सोडवायला देते. पिगाफेत्ताचा ‘ओली’ आणि मस्टर्सचा ‘ले’. ल जुळतो, पुढचा स्वरही वरच्या हिशोबाने जुळतो. पण सुरुवातीचा ओ आला कुठून? लिहिणाऱ्याने चुकून जोडला? शेजारच्या शब्दाचा तुकडा चिकटला? की जुन्या काळी होता आणि पुढे गळला? तिन्ही शक्य आहेत. प्रामाणिक उत्तर असं, की संच ठेवायचा, ओ कंसात टाकायचा आणि कंस का टाकला ते समोर लिहायचं.

उसने शब्द गाळायला एक दिवस वेगळा ठेवा. तेवेल्चेत शंभर ‘पाताक’ आणि हजार ‘वारांक’. शेजारच्या मापुचे लोकांच्या मापुदुंगुन भाषेत ‘पाताका’ आणि ‘वारांका’ आहेत, आणि तिथे ते अँडीजच्या भाषांतून आलेत. त्यांपैकी केचुआत हजार ‘वारांका’च. हे शब्द कुळाचे नव्हेत, व्यापाराच्या आणि शेजाराच्या वाटेने आलेले आहेत. घोडा स्पॅनिश लोकांबरोबर आला, म्हणून घोड्याचा शब्द आदिभाषेत, म्हणजे ज्या एका भाषेतून हे कुळ निघालं तिच्यात, असूच शकत नाही. कमी दिसणारी अडचण सर्वनामांची. ‘मी’ला य आणि ‘तू’ला म हे तेवेल्चे-सेल्कनाम दोन्हींत आहे आणि नातं दाखवायला ते उपयोगी पडतं, पण मापुदुंगुनमध्येही ‘तुझा’ या अर्थाचा शब्द ‘मि’ आहे, म्हणजे तिथेही ‘तू’ला म. छोट्या शब्दांवर मोठा दावा करू नका.

हाउश आणि तेउशेन यांच्या रकान्यांत बहुतेक चौकोन रिकामे राहतील. ते रिकामेच राहू द्या. नियम लावून ‘असा असावा’ म्हणून शब्द भरला, तर पुढच्या माणसाला तो खरा साक्षीदार वाटेल.

एवढं झालं की तारा लावा. ‘हात’साठी मी *च’En अशा धर्तीवर लिहिते. मधला मोठा रोमन ई म्हणजे या जागी स्वर होता, पण ऱ्हस्व की दीर्घ ते ठरलेलं नाही. च’चं फटक व्यंजन असणंही समोर कारण लिहूनच. प्रत्येक ताऱ्यासमोर कुठल्या रकान्यांतून तो आला ते यायलाच हवं.

आणि दोन तक्ते करा. एक ताऱ्यांचा, अभ्यासकांसाठी. दुसऱ्यात फक्त प्रत्यक्ष नोंदलेले शब्द, वर्ष आणि सांगणाऱ्याच्या उल्लेखासह. सांता क्रूसमध्ये तेवेल्चे कुटुंबं आपली भाषा पुन्हा शिकताहेत आणि सेल्कनाम हा जिवंत समाज असल्याचं चिलीने 2023मध्ये कायद्याने मान्य केलं आहे. त्यांना आजी-पणजीचा शब्द हवा असतो, तो दुसऱ्या तक्त्यात आहे. तो स्पॅनिशमध्ये करा, आधी त्यांच्याकडे पाठवा, आणि लोकांना दाखवायचा की नाही हे त्यांना ठरवू द्या. तुमच्या लेखात ‘नामशेष जमात’ असं कुठे लिहिलं असेल तर तेही पाठवण्यापूर्वी काढून टाका.