‘वूंड’ दिसला की ‘जखम’ लिहू नका: या चुका टाळा

इंग्रजी बातम्या आणि कागदपत्रं मराठीत आणणाऱ्या मंडळींच्या कॉप्या तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. अवघड शब्दांवर चुका कमी होतात, कारण तिथे माणूस भीतीने का होईना, थांबतो. घात करतात ते शाळेपासून ओळखीचे शब्द. डब्ल्यू-ओ-यू-एन-डी ही पाच अक्षरं त्यातली अट्टल.

यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे हे दोन वेगळे शब्द आहेत हेच लक्षात न घेणं. स्पेलिंग एक, उच्चार दोन. जखम असेल तर ‘वूंड’. गुंडाळणे, चावी देणे, वळणं घेत जाणे या अर्थाच्या ‘वाइंड’चा भूतकाळ असेल तर ‘वाउंड’. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे फरक वाक्यातूनच काढावा लागतो.

एका दैनिकाच्या डेस्कवरचा प्रसंग. विसर्जनाची रात्र, डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं, पान सोडायची घाई. इंग्रजी कॉपीत वाक्य होतं: ‘द प्रोसेशन वाउंड थ्रू द नॅरो लेन्स’. म्हणजे मिरवणूक अरुंद गल्ल्यांतून वळसे घेत गेली. शिकाऊ पोराने लिहिलं, ‘अरुंद गल्ल्यांत मिरवणुकीदरम्यान काही जण जखमी’. ‘काही जण’ कुठून आले? आकडा सापडला नाही म्हणून त्याने स्वतःच्या मनाने घातले. मथळा देणाऱ्याने पुढचं पाऊल टाकलं आणि ‘मिरवणुकीला गालबोट’ असं ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मंडळाच्या कार्यकर्त्यांचे फोन सुरू झाले: कोण जखमी, नावं सांगा. दुपारी पोलीस ठाण्यातूनही विचारणा झाली. शेवटी आतल्या पानात चार ओळींचा खुलासा छापावा लागला. पोराचं म्हणणं एकच, ‘शब्दकोशात बघितलं होतं’. बघितलं होतं, खरंच. पहिला अर्थ वाचून शब्दकोश मिटला होता. शेवटी बारीक टाइपात ‘वाइंडचा भूतकाळ’ असं लिहिलेलं असतं, तिथवर जाण्याइतका दम आता कुणाला नसतो.

खरं तर व्याकरणानेच त्याला वाचवलं असतं. जखमी करणे या क्रियापदाचा भूतकाळ ‘वूंडेड’ होतो. मिरवणूक जखमी झाली असती तर ‘वॉज वूंडेड’ आलं असतं. कर्त्यानंतर भूतकाळात नुसता उघडा शब्द आला, किंवा ‘वॉज’च्या पाठोपाठ ‘अ’ किंवा ‘द’ न येता तो आला, तर तो ‘वाउंड’च. माझी सवय अशी, की शब्दाच्या पुढचा शब्द आधी बघायचा. अप, थ्रू, अराउंड यांपैकी काही दिसलं की जखम विसरायची. मग ‘द बँक वॉज वाउंड अप’ म्हणजे बँक अवसायनात, म्हणजे व्यवहार मिटवून बंद व्हायला, निघाली, ‘ही वाउंड अप इन जेल’ म्हणजे स्वारी शेवटी तुरुंगात पोचली, आणि एखादा माणूस नुसताच ‘वाउंड अप’ असेल तर तो तणावात आहे.

मोबाइलवर वाक्य टाकून मिळेल ते चिकटवणाऱ्यांना हे सांगून उपयोग नाही. यंत्र बहुतेक वेळा बरोबर सांगतं, म्हणून चुकतं तेव्हा कुणी बघतच नाही.

माझा दुसरा राग कोर्टाच्या आणि विम्याच्या कागदांवर. कॅज्युअल्टीच्या कागदावर डॉक्टर ‘सीएलडब्ल्यू’ लिहितात, म्हणजे कंट्यूज्ड लॅसरेटेड वूंड. भाषांतरात हमखास येतं ‘कापल्याची जखम’. साफ चूक. लाठी, दगड, रस्ता अशा बोथट गोष्टीने कातडी चेचून फाटते ती लॅसरेटेड. तिच्या कडा वेड्यावाकड्या असतात आणि भोवती मुका मार असतो. कापल्याची जखम म्हणजे इन्साइज्ड: धारदार वस्तूची, साफ कडांची, खोलीपेक्षा लांबी जास्त असलेली. खोली जास्त असेल तर स्टॅब, म्हणजे भोसकल्याची. डोक्यावर तर बोथट फटक्यानेही, खाली लगेच हाड असल्यामुळे, कातडी सुरीने चिरल्यासारखी फाटते. डॉक्टरसुद्धा तिथे दोनदा बघतात, आणि आपण खुर्चीत बसून ‘कापली’ लिहून मोकळे! भाषांतरात धारदार हत्यार शिरलं की भारतीय न्याय संहितेच्या कलम 118 कडे बोट वळतं. साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद आहे, धोकादायक हत्याराने केलेल्या दुखापतीला तीन वर्षांपर्यंत. तेव्हा मी ‘चेचून फाटलेली जखम’ असंच लिहिते. कानाला गोड लागत नाही, लागू नये.

याच कागदांत ‘हेड इंज्युरी’चं ‘डोक्याला जखम’ होतं. कातडीवर ओरखडाही नसताना कवटीच्या आत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून ‘डोक्याला मार’. मी स्वतःला एकच विचारते: कातडी फाटली का? नसेल तर बहुतेक वेळा ‘वूंड’ नाहीच. इजा, मार, दुखापत यांतलं जे बसेल ते घ्या. कायद्याच्या मजकुरात मात्र ‘हर्ट’ला दुखापत आणि ‘इंज्युरी’ला क्षती ठरलेलं आहे, कारण तिथली इंज्युरी शरीरापुरती नसून अब्रू आणि मालमत्तेचीही असते. तिथे आपली प्रतिभा चालवू नये.

मराठीतून इंग्रजीत जाताना उलटी गंमत. रेल्वे अपघातातले लोक ‘वूंडेड’ नसतात, ‘इंजर्ड’ असतात. वूंडेड म्हटलं की हल्ला, शस्त्र, युद्ध आलं. लष्कराचं ‘वूंड मेडल’, म्हणजे पराक्रम पदक, शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्याला मिळतं. जीपमधून पडून पाय मोडलेल्याला नाही.

बाकीच्या चुका झटपट सांगते.

‘हर्टेड’ असा शब्द नाही. तिन्ही काळांत ‘हर्ट’.

‘माय लेग इज पेनिंग’ हे आपलं घरगुती इंग्रजी. ‘हर्ट्स’ म्हणा.

‘लिकिंग हिज वूंड्स’चं ‘जखमा चाटत बसला’ करू नका. हरून गप्प बसला, सावरतोय, असं लिहा. जुन्या जखमा ‘उघडत’ नाहीत, खपली निघते. स्वतःच स्वतःला केलेली ‘वूंड’ म्हणजे आपल्या पायावर आपणच पाडलेला धोंडा. मीठ मात्र दोन्ही भाषांत जखमेवरच चोळतात, तिथे निर्धास्त राहा.

‘वूंडेड नी’ हा जखमी गुडघा नव्हे. अमेरिकेतल्या साउथ डकोटामधलं ते ठिकाण आहे. 29 डिसेंबर 1890 रोजी तिथे लाकोटा या मूळनिवासी जमातीच्या लोकांची कत्तल झाली. विशेषनाम आहे, तसंच ठेवा.

‘फ्लेश वूंड’ म्हणजे वरवरची जखम. ‘मांसाची जखम’ वाचून मला खाटिकखाना आठवतो.

धार्मिक भावनांना कायदा चक्क ‘वूंड’ हेच क्रियापद वापरतो; मराठीत भावना दुखावतात, जखमी होत नाहीत. हे आधी भारतीय दंड संहितेचं कलम 298 होतं, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत ते 302 झालं. त्यामुळे नव्या गुन्ह्यात ‘302 लागलं’ वाचून खून लिहू नका. खुनाचं कलम आता 103 आहे. जबर दुखापतीच्या व्याख्येत तीव्र वेदना किंवा रोजचे व्यवहार बंद राहण्याचे जे 20 दिवस होते, तेही 15 झालेत, जुनी फाइल कॉपी-पेस्ट करणाऱ्यांनी तेवढं बघावं.

आणि फुटबॉलच्या बातमीत ‘इंज्युरी टाइम’ला, म्हणजे वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईला, ‘जखमी वेळ’ लिहिणाऱ्याने क्रीडा पान सोडून राशिभविष्य सांभाळावं.