कराटेच्या बेल्टच्या परीक्षेआधी या चुका टाळा: काता टीव्हीकडं बघून पाठ करू नका

गेल्या परीक्षेत एक पोरगा काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या हालचाली, करताना नवव्या हालचालीला खणखणीत ओरडला आणि तिथंच उभा राहिला. कियाई, म्हणजे ती आरोळी, झकास होती, पण पुढं कुठं वळायचं तेच आठवेना. नंतर मला म्हणाला, "मॅडम, घरी तिकडं टीव्ही असतो."

रोगाचं कारण त्यानंच सांगितलं. घरी रोज एकाच भिंतीकडं तोंड करून सराव केला, की काता अंगात बसत नाही, खोलीत बसतो. परीक्षेला हॉल बदलतो, परीक्षकांचं टेबल दुसऱ्या बाजूला असतं आणि खुणा गायब होतात.

हियान शोदान हा काता बघा. शोतोकान या कराटेच्या शैलीतल्या या कात्यात २१ हालचाली आहेत. नववी आगे उके (वरचा बचाव) आणि सतरावी ओई झुकी (पाऊल पुढं टाकत ठोसा), दोन्हींवर कियाई. दोन्ही वेळा उजवा पाय पुढं असतो आणि लगेच डावा पाय मागून फिरवत पाऊण चक्कर, म्हणजे २७० अंश वळायचं असतं. पोरं ओरडण्यात सगळा जीव ओततात आणि वळण चुकतात. उपाय: एक दिवस दाराकडं, एक दिवस खिडकीकडं, असं चारही दिशांना तोंड करून काता करायचा. अडतो तो तुकडा वेगळा काढायचा: आठ, नऊ, दहा, पुन्हा आठ. पहिल्यापासून सुरू केलं की सोप्या भागाचाच सराव वाढतो. वळताना आधी मान फिरवायची, मग पाय.

सुरुवात केली तिथंच काता संपला पाहिजे. दोन हात लांब संपत असेल, तर पावलं कमीजास्त पडताहेत. गच्चीवर शहाबादी फरशी असेल तर फरशांचे सांधेच फूटपट्टी. मात्र मे महिन्यात सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच. सोलापूरच्या उन्हात तापलेल्या गच्चीवर अनवाणी उतरलात तर परीक्षेला तळपायावर फोड घेऊन जाल.

दुसरी मोठी चूक म्हणजे ताज्या अंगानंच काता करणं. परीक्षेत आधी किहोन, म्हणजे मूळ ठोसे-लाथा-बचाव, झालेलं असतं, मांड्या भरून आलेल्या असतात. मग झेनकुत्सु दाचीतला (पुढचा गुडघा वाकवून लांब उभं राहण्यातला) पुढचा गुडघा सरळ होतो, पोर उंच होत जातं आणि मागची टाच उचलली जाते. घरी वीस बैठका मारून धाप लागलेली असतानाच काता करा. पहिले चार दिवस रडगाणं ऐकावं लागेल, ऐका.

कुमितेत, म्हणजे जोडीदाराशी लढतीत, जोरात मारलं की मार्क वाढतात, हा गैरसमज. ठोसा अंगाजवळ थांबवता येतो का, हेच आम्ही बघतो.

नवा कोरा ड्रेस परीक्षेलाच काढू नका. सुती कापड आटतं. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा येईल तो दिवस गाठून आधीच दोनदा धुवा, मगच पँटचे पाय दुमडून शिवा. लांब पँटमध्ये पाय अडकून पडलेली पोरं मी पाहिलीत. आणि सकाळी कडक भाकरी-शेंगा चटणीचा भरपेट नाश्ता नको, केळं पुरे.

आता पालक. क्यू म्हणजे ब्लॅक बेल्टआधीच्या पायऱ्या, त्यांचे आकडे उतरत जातात. आठव्यावरून सातव्यावर आला म्हणजे खाली आला नाही, आजोबा! आणि "पुढचा बेल्ट कधी?" हे दर महिन्याला विचारू नका. बेल्टची ही पद्धत मुळात ज्युदोतून आली; शोतोकानचे जनक गिचिन फुनाकोशींनी आपले पहिले ब्लॅक बेल्ट १९२४ साली दिले. ते स्वतः त्याआधी कित्येक वर्षं बेल्टशिवायच कराटे करत होते.

परीक्षा चालू असताना दारातून हातवारे करून "डावीकडं, डावीकडं" असं तर बिलकूल सांगू नका. तुम्ही समोर उभ्या असता, ताई. तुम्ही हलवलेला डावा हात पोराच्या उजव्या बाजूला असतो.