खडकाचं नाव शेवटी लिहा

प्रात्यक्षिक परीक्षेत तिसऱ्या नंबरचा नमुना उचलला आणि अर्ध्या मिनिटात लिहून मोकळी झाले: काळा, म्हणजे लोह-मॅग्नेशियम भरपूर, काचेसारखा, म्हणजे झटकन थंड झालेला, सबब बेसाल्टी काच. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तोच दगड माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "याची कड उजेडाकडे धर." पातळ कडेतून धुरकट उजेड आरपार येत होता. मग त्यांनी दुसऱ्या हातात साधारण तेवढाच बेसाल्टचा तुकडा दिला. "आता सांग." सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बेसाल्ट चांगलाच जड लागत होता. माझी 'बेसाल्टी काच' म्हणजे ऑब्सिडियन होता. त्यात सिलिका ७० टक्क्यांच्या वर, म्हणजे रचनेने तो ग्रॅनाइटचा सख्खा भाऊ. काळेपणा आला होता काचेत विखुरलेल्या मॅग्नेटाइटच्या अतिसूक्ष्म कणांमुळे.

भूविज्ञानाला नव्याने आलेल्या मुलामुलींना प्रयोगशाळेत बसवायचं काम आता मी करते, आणि दर वर्षी कोणीतरी माझीच चूक माझ्यासमोर करतं. दगड दिसला की आधी नाव आठवायचं आणि मग त्या नावाला साजेसे गुण दगडात शोधायचे, ही ती चूक. म्हणून अग्निजन्य खडकांची सुरुवात मी नावांपासून करत नाही. वहीच्या पानावर उभी रेघ मारायची. डावीकडे कणांबद्दल लिहायचं: केवढे आहेत, एकमेकांत कसे बसलेत. उजवीकडे खनिजांबद्दल: कोणती आहेत, अंदाजे किती टक्के. डावा रकाना सांगतो की खडक कुठे आणि कसा थंड झाला. उजवा सांगतो की तो कशापासून झाला. एका रकान्याचं उत्तर दुसऱ्यात घुसू द्यायचं नाही. रंग हा दोन्हींत लुडबुड करणारा प्राणी, त्याला सगळ्यात शेवटी बोलवायचं.

आता हे खडक होतात कसे. पहिल्याच तासाला विचारलं की दहातले आठ जण सांगतात, जमिनीच्या पोटात सगळीकडे लाव्हा उकळतोय आणि भेग सापडली की वर येतो. तसं नाही. कवचाखालचं प्रावरण घन आहे. भूकंपाच्या एस लहरी द्रवातून जात नाहीत आणि प्रावरणातून मात्र खुशाल जातात, हा त्याचा पुरावा. साधारण १०० किलोमीटर खोलीवर तापमान १३०० अंशांच्या पुढे असतं, तरी तिथला पेरिडोटाइट, म्हणजे प्रावरणाचा मुख्य खडक, वितळत नाही, कारण वरच्या दाबाने त्याचा वितळणबिंदूही चढलेला असतो. खडक वितळायचा तर काहीतरी बिघडावं लागतं.

बिघडण्याच्या वाटा मुख्यतः तीन. गरम प्रावरण वर सरकतं, दाब उतरतो आणि ऊष्णता बाहेरून न मिळताही ते वितळू लागतं. महासागरांच्या मध्यभागातल्या पर्वतरांगांखाली आणि हवाईखाली हेच चाललंय. दुसरी वाट पाण्याची. एक भूपट्ट दुसऱ्याखाली खचतो, तापतो, त्याच्या खनिजांत अडकलेलं पाणी सुटून वरच्या प्रावरणात शिरतं आणि वितळणबिंदू खाली आणतं. अँडीज आणि जपानचे ज्वालामुखी या जातीचे. तिसऱ्या वाटेत खालून आलेला तप्त बेसाल्टी शिलारस (जमिनीखालचा वितळलेला खडक) कवचाच्या तळाशी साचतो आणि कवचालाच वितळवतो. बऱ्याच ग्रॅनाइटचं मूळ इथे सापडतं.

यात एक गोष्ट वहीत चौकट करून लिहून ठेवा. खडक सगळाच्या सगळा वितळत नाही. पेरिडोटाइटचा साधारण १० ते २० टक्के भाग वितळला की बेसाल्टी शिलारस मिळतो. जो भाग आधी वितळतो त्यात सिलिका जास्त असते, म्हणून शिलारस कधीच आपल्या आईसारखा हुबेहूब नसतो. पुढे थंड होताना उलट्या टोकाने हाच खेळ पुन्हा चालतो.

डाव्या रकान्याचं शास्त्र एका भट्टीपाशी सिद्ध झालं. अठराव्या शतकाच्या शेवटी बेसाल्ट समुद्राच्या पाण्यातून साचला की आगीतून आला, यावर कडाक्याचं भांडण होतं. स्कॉटिश भूवैज्ञानिक जेम्स हटन आगीच्या बाजूचे. १७८५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लेन टिल्टला त्यांनी ग्रॅनाइटच्या शिरा आजूबाजूच्या खडकात घुसलेल्या पाहिल्या. म्हणजे ग्रॅनाइट नंतर आला आणि वितळलेल्या रूपात आला. विरोधक म्हणायचे, वितळलेला दगड थंड झाला की काच होते, हे कणीदार खडक कुठून आले? हटन यांचे मित्र जेम्स हॉल यांना प्रयोग करून बघायचा होता, पण एवढ्याशा मुशीवरून पृथ्वीबद्दल काय कळणार, असं हटन यांचं मत. हॉल थांबले. १७९७ मध्ये हटन गेले आणि १७९८ मध्ये हॉल यांनी आपले प्रयोग मांडले: तोच काळा दगड वितळवून झटकन थंड केला तर काच, सावकाश थंड केला तर पुन्हा कणीदार दगड. माल एकच, फरक फक्त वेळेचा.

वेळ म्हणजे किती, याचा अंदाज यायला किलाउएआ इकी बघा. १९५९ च्या उद्रेकात हवाईतल्या या विवरात १०० मीटरहून खोल लाव्हाचं तळं साचलं. वर साय लगेच धरली, पण तळापर्यंत घट्ट व्हायला तीन दशकांहून जास्त काळ लागला. हे उघड्यावरचं तळं. काही किलोमीटर खोल, चहूबाजूंनी खडकाने गुंडाळलेला मोठा शिलारसाचा साठा हजारो-लाखो वर्षं रेंगाळतो आणि स्फटिकांना वाढायला सवड मिळते. म्हणून पोटातले खडक भरडकणी, पृष्ठभागावरचे सूक्ष्मकणी आणि डाइक-सिलमधले, म्हणजे इतर खडकांच्या भेगांत वा थरांमध्ये घुसून थिजलेले, बहुधा मध्यमकणी. एक मिलिमीटरच्या खाली सूक्ष्म, पाचच्या वर भरड, असा ढोबळ हिशेब बहुतेक ठिकाणी चालतो.

बारीक पिठात मोठे स्फटिक रुतलेले दिसले की त्याला पॉर्फिरिटिक पोत म्हणतात: आधी खोलवर सावकाश, मग वर येऊन घाईने. आणि एक सापळा सांगते. पेग्मटाइटमध्ये, म्हणजे फार मोठ्या स्फटिकांच्या अग्निजन्य खडकात, वीतभर स्फटिक दिसले की मुलं लिहितात, 'अतिशय सावकाश थंड झाला.' तिथे वेळेपेक्षा पाण्याची करामत मोठी. शेवटी उरलेल्या शिलारसात पाणी आणि बाष्पशील घटक साठतात, अणूंना हिंडणं सोपं होतं आणि नवे स्फटिक सुरू होण्याऐवजी आहेत तेच फोफावतात. अमेरिकेतल्या साउथ डकोटात पेग्मटाइटमधले स्पोड्युमीन या लिथियमच्या खनिजाचे स्फटिक १२ मीटरहून लांब सापडले आहेत.

उजव्या रकान्याचे मूळपुरुष नॉर्मन बोवेन. वॉशिंग्टनच्या भूभौतिक प्रयोगशाळेत त्यांनी सिलिकेटं वितळवून, ठरावीक तापमानाला धरून, एकदम विझवून पाहिली आणि १९२२ मध्ये अभिक्रिया श्रेणीची, म्हणजे शिलारस थंड होताना खनिजं कोणत्या क्रमाने तयार होतात याची, कल्पना मांडली. ऑलिव्हिन आधी, मग पायरॉक्सीन, अ‍ॅम्फिबोल, बायोटाइट. बाजूने प्लॅजिओक्लेज कॅल्शियमकडून सोडियमकडे सरकत जाणारा. शेवटी अल्कली फेल्डस्पार, मस्कोव्हाइट, क्वार्ट्झ. घोका, माझी ना नाही. पण ही यादी म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक नव्हे. प्रत्येक शिलारस पहिल्या स्थानकापासून निघत नाही आणि शेवटपर्यंत जातही नाही. तिचा खरा उपयोग शेजारी ओळखण्यात आहे. एकाच ताज्या नमुन्यात तुम्ही मॅग्नेशियमी ऑलिव्हिन आणि क्वार्ट्झ दोन्ही लिहिलेत तर थांबा. ही दोन्ही एकत्र सुखाने नांदत नाहीत, त्यांच्यात अभिक्रिया होऊन पायरॉक्सीन होतो. दोहोंपैकी एक तुम्ही चुकीचं ओळखलंय, नाहीतर एक बाहेरून आलेला पाहुणा आहे.

वर्गीकरणात पहिली गाळणी सिलिकेची: ४५ टक्क्यांखाली अत्यल्पसिलिक, ४५ ते ५२ अल्पसिलिक, ५२ ते ६३ मध्यम, त्यावर अधिसिलिक. जुन्या पुस्तकांत आकडे थोडे इकडेतिकडे असतात, त्यावरून भांडू नका. यांनाच आम्लधर्मी-अल्कधर्मी म्हणायची पद्धत आहे. लिटमसशी त्याचा काडीचाही संबंध नाही. मग जोड्या लागतात. एकाच मालाचे भरडकणी आणि सूक्ष्मकणी अवतार: ग्रॅनाइट-रायोलाइट, डायोराइट-अँडेसाइट, गॅब्रो-बेसाल्ट. गॅब्रो आणि बेसाल्टच्या मधला मध्यमकणी तो डोलेराइट. बाजारात 'काळा ग्रॅनाइट' म्हणून विकले जाणारे दगड बहुधा गॅब्रो नाहीतर डोलेराइट असतात, तिथे आपण तोंड मिटून बसायचं.

भरडकणी खडकांसाठी मात्र नेमकं साधन म्हणजे स्ट्रेकआयझन यांचा त्रिकोण. आल्बर्ट स्ट्रेकआयझन या स्विस शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय समितीने १९७० च्या दशकात तो रूढ केला. एका टोकाला क्वार्ट्झ, दुसऱ्याला अल्कली फेल्डस्पार, तिसऱ्याला प्लॅजिओक्लेज. इथे नव्वद टक्के मुलं एकाच जागी आपटतात. समजा, तुम्ही मोजलंत: क्वार्ट्झ १७, अल्कली फेल्डस्पार १०, प्लॅजिओक्लेज ४३, काळी खनिजं ३०. क्वार्ट्झ २० च्या आत म्हणून तुम्ही 'क्वार्ट्झ मॉन्झोडायोराइट' लिहिणार. चूक. काळी खनिजं आधी बाजूला काढायची आणि उरलेल्या ७० ला १०० धरायचं. क्वार्ट्झ झाला २४ टक्के. फेल्डस्पारमध्ये प्लॅजिओक्लेजचा वाटा ५३ पैकी ४३, म्हणजे ८१ टक्के. क्वार्ट्झ २० ते ६० च्या मध्ये, प्लॅजिओक्लेज ६५ ते ९० च्या मध्ये: ग्रॅनोडायोराइट. काळी खनिजं ९० टक्क्यांच्या वर गेली तर हा त्रिकोण ठेवून द्यायचा आणि ऑलिव्हिन-पायरॉक्सीनचा वेगळा त्रिकोण काढायचा. सूक्ष्मकणी आणि काचमय खडकांत खनिजं मोजताच येत नसतील तर रासायनिक पृथक्करण करून सिलिका एका अक्षावर, सोडियम आणि पोटॅशियमची ऑक्साइडं मिळून दुसऱ्यावर. माझा ऑब्सिडियन तिथे थेट रायोलाइटच्या घरात जाऊन बसला असता.

हातातल्या नमुन्याबद्दल चार गोष्टी, ज्या मला कोणी वेळेवर सांगितल्या नाहीत. भिंग दगडाला नाही, डोळ्याला चिकटवायचं आणि दगड जवळ आणायचा. वरचा पापुद्रा बघून काही लिहायचं नाही. ताजा तुकडा फोडायचा, आणि फोडताना गॉगल लावायचा. पृष्ठभाग ओला केला की कणांच्या सीमा उठून दिसतात. प्लॅजिओक्लेजच्या चकाकत्या पाटीवर (खनिज ज्या सपाट प्रतलावर फुटतं ती पाटी) पट्टीने ओढल्यासारख्या बारीक समांतर रेघा असतात, त्या दिसेपर्यंत दगड उजेडात हळूहळू वळवत राहायचं. क्वार्ट्झला पाट्याच नाहीत, तो तेलकट दिसतो आणि बहुधा इतरांनी सोडलेल्या फटींत बसतो. पायरॉक्सीन आणि हॉर्नब्लेंड दोन्ही काळे. पहिल्याच्या पाट्या जवळपास काटकोनात भेटतात, दुसऱ्याच्या ५६ आणि १२४ अंशांत.

आणि थिन सेक्शनला घाबरू नका. ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप, एवढंच ते. माझी भीती गेली ती एका अँडेसाइटच्या कापावर. सूक्ष्मदर्शकाला क्रॉस निकॉल, म्हणजे एकमेकांशी काटकोनात ठेवलेले दोन ध्रुवक, लावून काप ठेवायचं गोल स्टेज फिरवत होते. प्लॅजिओक्लेजचा एक मोठा स्फटिक एकदम काळा न होता आतून बाहेर, एकेक वलय करत विझत गेला. झाडाच्या खोडात दिसावीत तशी वलयं. गाभा कॅल्शियमवाला, कडेकडे सोडियम वाढत गेलेला; बोवेन यांची अर्धी श्रेणी एका कणात. पण मधेच एक वलय कुरतडलेलं, चाळणीसारखं, आणि त्याच्या बाहेर पुन्हा कॅल्शियम चढलेलं. थंड होत आलेल्या शिलारसात खालून नवा, जास्त गरम शिलारस शिरला असावा. भोवतीची काच मात्र स्टेज कशीही फिरवली तरी काळीठिक्कर. त्या दिवशी मी तासभर तोच कण बघत बसले आणि पुढचे तीन काप राहून गेले.

अपवाद येतीलच. टांझानियातला ओल डोइन्यो लेंगाई हा ज्वालामुखी सिलिकेचा नव्हे, सोडियम-कार्बोनेटचा लाव्हा ओकतो. तो जेमतेम ५०० ते ६०० अंशांचा असतो, काळा वाहतो आणि हवेतली ओल लागली की पांढरा पडतो. वरच्या सिलिकेच्या गाळणीत त्याला जागाच नाही, त्याच्यासाठी कार्बोनेटाइट हा निराळा गट आहे.

सध्या माझ्या टेबलावर एक करडा नमुना पडलाय. डावीकडे लिहिलंय: सूक्ष्मकणी, पॉर्फिरिटिक, थोडे बुडबुडे. उजवीकडे: प्लॅजिओक्लेज, रेघा स्पष्ट, हॉर्नब्लेंड, क्वार्ट्झचे दोन कण, कडा गोल झिजलेल्या. खाली नावाची जागा कोरी आहे, आणि काप गुरुवारी मिळणार आहे.