गोठ्यातलं औषध माणसाला वापरताय? या चुका टाळा

"औषध तेच, नाव तेच, मग ढोराचं घेतलं तर काय बिघडलं?" गोठा असलेल्या घरात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. त्यात दवाखाना लांब असतो आणि बाटली हाताशी.

सगळ्यात घातक चूक म्हणजे गोचिडाचं औषध डोक्याला लावणं. पोरीच्या डोक्यात उवा झाल्या की कोनाड्यातली अमिट्राझची बाटली आठवते. हे औषध पाण्यात मिसळून जनावराच्या अंगावर मारायचं असतं, तेही हातमोजे घालून. खाजवून सोललेल्या टाळूतून ते सहज आत जिरतं. मग गुंगी येते, नाडी मंदावते, श्वास उथळ होतो. यावर नेमका उतारा नाही. दवाखान्यात नाडी-श्वास सांभाळत बसावं लागतं. उवांसाठी १ टक्का परमेथ्रिनचं लोशन माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतं. एवढ्यासाठी पोरीचा जीव टांगणीला लावायचा?

दुसरी चूक जरा शिकलेल्यांची: वजनाचा हिशेब मांडून आयव्हरमेक्टिन, म्हणजे जंत-खरजेवरचं औषध, घेणं. २०२१ मध्ये कोविडच्या धास्तीने अमेरिकेत लोक घोड्यांसाठीची आयव्हरमेक्टिनची पेस्ट खाऊ लागले होते. तिच्या एका सिरिंजमध्ये सुमारे ५६७ किलोच्या घोड्याला पुरेल इतकं औषध असतं. "तुम्ही घोडा नाही, गाय नाही," असं तिथल्या एफडीएला, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याला, जाहीर सांगावं लागलं. आपल्याकडे खरजेवर जनावराचं १ टक्क्याचं इंजेक्शन वापरायचा मोह होतो. ४०० किलोच्या गाईला ते ८ मिली, म्हणजे ८० मिलिग्रॅम लागतं. माणसांची गोळी ६ किंवा १२ मिलिग्रॅमची असते. गोठ्यातल्या मोठ्या सिरिंजवर एखादा मिली पुढंमागं झाला तर गाईला कळतही नाही. माणसाला मात्र चक्कर येते, तोल जातो, मात्रा फारच झाली तर झटके येतात. शिवाय तो द्राव जनावराच्या कातडीखाली टोचण्यासाठी बनवलेला असतो, पिण्यासाठी नव्हे.

उरलेल्या अँटिबायोटिकचंही तसंच. ऑक्सिटेट्रासायक्लिनने लहान मुलांचे दात कायमचे पिवळे-तपकिरी पडू शकतात, गरोदर बाईला तर ते देऊच नये. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्याचा जीवही जाऊ शकतो.

वासरी धरताना लशीची सुई आपल्याच बोटात गेली, तर "काही होत नाही" म्हणून बोट चोखू नका. ब्रुसेल्लाच्या, म्हणजे जनावरांत गाभ पाडणाऱ्या रोगाच्या, एस-१९ लशीत जिवंत जंतू असतात. त्यांनी माणसाला ताप धरतो. जखम साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरला लशीचं नाव सांगा.

आणि चूक होऊन गेली असेल तर? पोटात गेलं असेल तर मीठपाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. अंगावर सांडलं असेल तर कपडे उतरवून साबणाने धुवा. १०८ ला फोन करा. लाजेपायी "जेवणातून काहीतरी झालं" असं सांगणारे खूप असतात. डॉक्टर मग भलत्याच वाटेने जातो.

बाटली सोबत न्याच. तिच्यावर जनावराच्या डोक्याचं चित्र आणि 'माणसांसाठी नाही' ही सूचना छापणं कायद्याने सक्तीचं आहे. पण निम्मं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून शेजाऱ्याला दिलेलं असेल, तर त्याच्या घरी ना चित्र पोचतं, ना नाव.