केसिंगचा क्लॅम्प घसरत होता, तो असा थांबवला

यावल-रावेर पट्ट्यात तापीचा गाळ खोल, त्यामुळे बोअरवेलमध्ये केसिंगही (भोक ढासळू नये म्हणून घालायचा पाइप) लांब उतरवावं लागतं. ८ इंची, ६.४ मिमी जाडीचा लोखंडी पाइप मीटरला साधारण साडेतेहतीस किलो भरतो. ६० मीटर लोंबले की दोन टन वजन क्लॅम्पवर, म्हणजे बोअरच्या तोंडाशी पाइप धरून ठेवणाऱ्या दोन पाकळ्यांच्या पकडीवर. आमचा क्लॅम्प इथेच बोटबोटभर सरकायला लागला.

बोल्ट कितीही आवळा, उपयोग नाही. कारण दोन्ही पाकळ्यांचे कान (बोल्ट बसतात ती टोकं) एकमेकांना टेकलेले! कान टेकले की सगळा जोर कानांवर जातो, पाइपवर पकड उरत नाही. वापरून वापरून पाकळ्या फाकल्या होत्या. ग्राइंडरने दोन्हीकडचे कान घासून मध्ये १० मिमी फट ठेवली. पाइपवरचा चिखल अन् रंग वायर ब्रशने काढला. ऑइल फक्त बोल्टच्या आट्यांना. आत थेंबही नको. दोन्ही बाजू आळीपाळीने आवळल्या.

पत्र्याची पट्टी आत घालायचा जुगाड करू नका, तीच पाइपसोबत घसरते.

शिवाय क्लॅम्पच्या लगेच वर पाइपला चार तुकडे वेल्ड केले. पाइप घसरलाच तर ते क्लॅम्पवर अडकतात. वजन वरच्या, पाइप उचलून धरणाऱ्या दुसऱ्या क्लॅम्पवर घेतलं, की तुकडे कापून मगच पाइप खाली सोडायचा.