बागेतील तळ्यातले मासे आजारी पडतात तेव्हा : या चुका टाळा

तळ्यातला एखादा मासा पर मिटून कोपऱ्यात बसला, की बहुतेक जण पहिल्यांदा औषध शोधू लागतात. मिळेल ती निळी किंवा हिरवी बाटली आणून पाण्यात ओतली जाते आणि ज्या पाण्यामुळे मासा आजारी पडला, ते पाणी मात्र होते तसेच राहते. कोकणातल्या परसबागांतील तळी पाहता माझे ठाम मत आहे, की येथे रोगजंतू बहुधा मागाहून येतात. आधी पाणी बिघडते, त्या ताणामुळे माशाच्या अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर खराब होतो आणि मग पाण्यात एरवीही असणारे जिवाणू व परजीवी डोके वर काढतात. त्यामुळे निदान करताना आधी पाणी, मग आजूबाजूचा परिसर, त्यानंतर मासा आणि अगदी शेवटी औषध, हा क्रम सोडू नये.

वेळ आणि संख्या न पाहणे

मासे केव्हा अस्वस्थ होतात आणि एकाच वेळी किती होतात, या दोन गोष्टींची नोंद न ठेवणे ही सर्वांत मोठी चूक आहे. पहाटे सगळे मासे पृष्ठभागावर येऊन आ वासत असतील आणि ऊन वर आल्यावर आपोआप खाली जात असतील, तर तो रोग नसून प्राणवायूची कमतरता आहे. पाणी ३० अंशांवर असताना त्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. दिवसा हिरवे शेवाळ त्यात भर घालते. पण रात्री तेच शेवाळ, तळाचा गाळ आणि मासे मिळून तो संपवतात. अशा वेळी मोठे मासे आधी मरतात आणि गप्पी मात्र पृष्ठभागालगतच्या पातळ थरातील प्राणवायूवर तग धरून राहतात. मोठी कोई (शोभेचा कार्प जातीचा मासा) मेली आणि गप्पी जिवंत राहिले, एवढ्यावरूनही निम्मे निदान होते. पावसाळ्यात सलग मळभ राहिले, की शेवाळाकडून होणारी दिवसाची भरही थांबते आणि नेमकी तेव्हाच वीज जाऊन हवेचा पंप बंद पडतो. अशा रात्री बादलीने तळ्याचेच पाणी उचलून उंचावरून पुन्हा तळ्यात ओतत राहणे हा साधा आणि खात्रीचा उपाय आहे. त्या काळात खाद्य पूर्ण बंद ठेवावे.

मासे दिवसभर वर येत असतील आणि हवा सोडूनही फरक पडत नसेल, तर दोष कल्ल्यांत आहे असे समजावे. कल्ल्याचे झाकण हलकेच उचलून पाहावे. निरोगी कल्ले लालभडक असतात. ते तपकिरी दिसत असतील, तर नायट्राइटचा (अमोनियाचे नायट्रेट होताना मध्ये तयार होणाऱ्या घटकाचा) संशय घ्यावा, कारण नायट्राइटमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी होते. अशा वेळी लिटरला एक ग्रॅम जाडे मीठ लवकर उपयोगी पडते, कारण मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. एकेक करून, आठवड्याच्या अंतराने मासे मरत असतील, तर मात्र परजीवी किंवा जिवाणू यांच्याकडे वळावे.

पाणी मृदू आहे हे विसरणे

जांभ्या दगडातून झिरपून येणारे विहिरीचे पाणी बहुतेक ठिकाणी मृदू असते; त्याचा सामू (पीएच) अनेकदा ७ च्या खाली आणि अल्कता अगदी थोडी असते. सामू स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद म्हणजे अल्कता. तपासणी संच घेतल्यावर बहुतेक जण फक्त सामू पाहतात आणि अल्कतेची पट्टी तशीच पडून राहते. माझ्या मते कोकणात ही पट्टी सामूच्या पट्टीइतकीच, किंबहुना थोडी अधिकच, महत्त्वाची आहे.

याचे कारण एका तळ्यावरून समजेल. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि सरासरी अडीच फूट पाण्याचे तळे म्हणजे १५० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावते, म्हणून ते सुमारे सव्वाचार हजार लिटरचे झाले. आता घराच्या चाळीस चौरस मीटर कौलारू छपराच्या पागोळ्या पन्हळीने त्या तळ्यात सोडल्या असतील, तर आषाढात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला की चार हजार लिटर पाणी आत येते, म्हणजे तळ्यात आहे जवळजवळ तेवढेच नवे पाणी एका दिवसात मिसळते. पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच असतात. त्यामुळे अल्कता धुऊन जाते, सामू घसरतो आणि मासे अंगावर जास्तीचा चिकट पदार्थ सोडू लागतात. मालक मात्र ‘ताजे पाणी आले’ म्हणून समाधानात असतो. छपराचे पाणी तळ्यात सोडू नये, आणि उतारावरून वाहत येणारे तांबडे, गढूळ पाणी अडवण्यासाठी काठाभोवती वीतभर उंचीचा चिऱ्याचा बांध घालावा.

पावसाशिवायही अल्कता कमी होत राहते. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू हे काम करताना अल्कता खर्च करतात. ती संपली की सामू ६ च्या आसपास येतो, जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साचू लागतो. परंतु आम्लधर्मी पाण्यात तो निरुपद्रवी स्वरूपात असल्यामुळे मासे वरकरणी ठीक दिसतात. याच टप्प्यावर कोणीतरी सामू वाढवण्यासाठी ओंजळभर कळीचा चुना टाकतो आणि सकाळी सगळे तळे मेलेले असते. ३० अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी असतो, सामू ८ झाला की सुमारे ७ टक्के आणि ९ झाला की जवळजवळ ४५ टक्के. म्हणजे पाण्यातील अमोनिया तेवढाच राहिला, तरी चुन्याने त्याचे विष केले.

म्हणून आधी अमोनिया मोजावा. तो आढळला, तर पाणी सलग काही दिवस थोडे थोडे, एका वेळी पाव हिश्शाहून जास्त नाही, असे बदलावे आणि त्यानंतरच अल्कता वाढवावी. खाण्याचा सोडा यासाठी पुरेसा आहे: हजार लिटरला ८४ ग्रॅम सोड्याने अल्कता लिटरमागे ५० मिलिग्रॅमने वाढते. वरच्या तळ्याला साडेतीनशे ग्रॅम लागेल, आणि तोही तीन दिवसांत विभागून द्यावा. कायमचा बंदोबस्त करायचा असेल, तर किनाऱ्यावर मुबलक मिळणाऱ्या कालवांच्या आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या गोड्या पाण्याने स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरच्या वाहत्या पाण्यात ठेवाव्यात. पाणी आम्लधर्मी होऊ लागले की त्या हळूहळू विरघळतात, आणि सामू जागेवर असला की जवळजवळ विरघळतच नाहीत, त्यामुळे मात्रा चुकण्याची भीती नसते.

सामू दिवसातून एकदाच मोजणे हीदेखील चूकच आहे. हिरव्या पाण्याच्या, कमी अल्कतेच्या तळ्यात सकाळी ६.५ असणारा सामू दुपारी चार वाजता ९ च्या वर गेलेला असतो. सूर्योदयाच्या वेळी आणि दुपारी उशिरा अशा दोन नोंदी घेतल्या, तर हा चढउतार लगेच लक्षात येतो.

सिमेंटच्या नव्या तळ्यात याच्या अगदी उलट घडते. ताज्या सिमेंटमधून चुना सुटून सामू १० च्या वर जातो. असे तळे दोन-तीन आठवडे पुन्हा पुन्हा भरून रिकामे करावे आणि सामू ८ च्या आसपास स्थिरावल्याशिवाय मासे सोडू नयेत. नवा फिल्टर कामाला लागायला चार ते सहा आठवडे घेतो. तोपर्यंत मासे थोडेच असावेत. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला तर त्यातील उपयुक्त जिवाणू क्लोरिनने मरतात, म्हणून तो तळ्याच्याच पाण्यात पिळावा.

तळ्याबाहेर न पाहणे

पौष-माघात आंब्याला मोहोर येतो आणि तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतात. त्यासाठी वापरली जाणारी सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन या गटातील कीटकनाशके माशांना अत्यंत कमी प्रमाणातही घातक असतात. वाऱ्याबरोबर आलेला तुषार किंवा फवारणीची टाकी तळ्याच्या पाण्यात विसळणे एवढेही कारण पुरते. विषबाधा झालेले मासे पिसाळल्यासारखे धावतात, पाण्याबाहेर उड्या मारतात आणि मग तोल जाऊन कुशीवर पडतात. अशा वेळी माशांबरोबरच पाण्यावर धावणारे कीटकही पाहावेत. प्राणवायू कमी पडला असेल तर हवेतून श्वास घेणारे हे कीटक शाबूत असतात. कीटकनाशकाने मात्र ते माशांच्या आधी मरून तरंगू लागतात. ही खूण कोणत्याही तपासणी संचाहून आधी उत्तर देते.

पोफळीच्या आगरात पावसाळ्याच्या तोंडावर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारले जाते. त्यातील तांबे माशांच्या कल्ल्यांना मारक असते आणि पाणी जितके मृदू तितके ते अधिक जहाल ठरते. त्यामुळे शेवाळ घालवण्यासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचाच क्षार) टाकण्याचा सल्ला कोकणातल्या तळ्याला कधीही लागू करू नये. पोफळींखाली तळे असेल, तर फवारणीच्या दिवसापासून पहिल्या एक-दोन मोठ्या सरी होईपर्यंत त्यावर ताडपत्री ताणावी. मात्र ती पाण्याला टेकू देऊ नये आणि हवेचा पंप चालू ठेवावा.

पावसाळ्यात विहिरींमध्ये टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरिनयुक्त ब्लीचिंग पावडर, टाकली जाते. ती टाकल्यावर लगेच त्या विहिरीचे पाणी तळ्यात सोडले, तर काही तासांत मासे धापा टाकू लागतात. पाणी एक-दोन दिवस उघड्या पिंपात ठेवावे किंवा त्यात सोडियम थायोसल्फेट म्हणजे ‘हायपो’ वापरावे. बोअरचे पाणी प्राणवायूविना येते आणि त्यात लोह असेल तर ते गंजाच्या रंगाने कल्ल्यांवर बसते, म्हणून ते उंचावरून, शिंतोडे उडवत, आधी वेगळ्या टाकीत पाडावे.

माशाचे अंग घाईने वाचणे

मासा आजारी आहे असे ठरवण्यापूर्वी त्याला पांढऱ्या बादलीत, तळ्याच्याच पाण्यात घेऊन बाजूने ऊन पडेल असे धरावे. गोल्डफिशच्या कल्ल्याच्या झाकणावर आणि छातीच्या पराच्या पुढच्या काडीवर ओळीने बारीक पांढरे उठाव दिसले, तर तो विणीच्या काळातील नर आहे. त्याला औषध देण्याची गरज नाही. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात रव्याच्या कणांसारखे ठिपके अंगभर, विस्कळीत उठतात आणि मासा दगडाला अंग घासतो. हा रोग पावसाळ्यात, पाणी ३० अंशांवरून २५-२६ वर उतरले की जोर धरतो. त्वचेखाली दडलेल्या परजीवीपर्यंत औषध पोहोचत नाही. तो सुटून पाण्यात पोहू लागतो तेव्हाच मरतो. ठिपके दिसेनासे झाले म्हणून दुसऱ्या दिवशी उपचार थांबवले, तर तळाशी वाढणारी पुढची पिढी आठवडाभरात परत येते.

अंगावर पाच ते आठ मिलिमीटरची चपटी, पारदर्शक, सरकणारी टिकली दिसली, तर ती माशांची ऊ आहे. ती दगडांवर आणि भिंतींवर अंडी घालते, म्हणून चिमट्याने उवा काढून भागत नाही. भिंतीही घासाव्या लागतात. तोंडाभोवती आलेला कापसासारखा पांढरा थर बुरशी मानला जातो, पण तो अनेकदा जिवाणूंचा असतो आणि मग बुरशीच्या औषधाचा उपयोग होत नाही. खवले उभे राहून पोट फुगलेला मासा सहसा वाचत नाही. त्याला ताबडतोब वेगळा करून उरलेल्यांचे पाणी सुधारावे.

चिमटीने औषध देणे

‘चिमूटभर’ हे माप तळ्याला चालत नाही. पोटॅशियम परमँगनेटची तळ्यातील मात्रा लिटरला २ मिलिग्रॅम आहे, म्हणजे वर हिशेब केलेल्या सव्वाचार हजार लिटरच्या तळ्याला अवघे साडेआठ ग्रॅम; याच्या पाचपट गेले तर कल्ले भाजतात. ते फॉर्मेलिनबरोबर कधीही वापरू नये. गाळाने भरलेल्या तळ्यात ते गाळावरच खर्च होऊन पाणी तपकिरी होते आणि परजीवींना धक्काही लागत नाही, म्हणून गाळ आधी काढावा. मीठ पांढऱ्या ठिपक्यांवर लिटरला ३ ग्रॅमपर्यंत चालते. त्या तळ्याला पावणेतेरा किलो लागेल आणि ते दोन-तीन दिवसांत विभागून, पाण्यात विरघळवूनच द्यावे. कमळ आणि कुमुदिनी मात्र आधी दुसऱ्या पिंपात हलवावीत. बाष्पीभवनाने मीठ उडून जात नाही, त्यामुळे घटलेले पाणी भरताना पुन्हा मीठ टाकू नये. विहीर किनाऱ्यालगत असून पाणी मचूळ असेल, तर आहे तो खारटपणाही हिशेबात धरावा.

एवढे करूनही मासे मरत राहिले, तर जाणकाराला दाखवावे. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. तेथे किंवा जलचरांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाकडे विचारणा करावी. दाखवण्यासाठी रात्री मेलेला मासा नेऊ नये, कारण कोकणातल्या उष्म्यात तो काही तासांत कुजतो आणि मृत्यूनंतर वाढलेले जिवाणूच तपासणीत दिसतात. आजारी पण जिवंत मासा तळ्याच्या पाण्यात, पिशवीत हवा भरून न्यावा आणि पाण्याचा वेगळा नमुना काठोकाठ भरलेल्या स्वच्छ बाटलीत, थंड ठेवून द्यावा. सोबत सकाळ-दुपारच्या सामूच्या नोंदी, शेवटी पाणी केव्हा बदलले, आजूबाजूला कसली फवारणी झाली आणि आतापर्यंत कोणते औषध किती टाकले, हे कागदावर लिहून न्यावे.