रिटायर होऊन नवी मुंबई-ठाण्यात राहायला येताय? गावचं घर विकण्याआधी या चुका टाळा

दिवाळी झाली की गावाकडून आईवडील मुलाकडे येतात, महिनाभर राहतात, संध्याकाळी पाम बीच रोडला चक्कर होते, नशीब असेल तर खाडीत फ्लेमिंगो दिसतात, हवा छान असते, नातवंडं चिकटलेली असतात, आणि जाताना ठरतं की आता गावचं विकून इकडेच यायचं. इकडे येणं चुकीचं अजिबात नाहीये, पण हा निर्णय जानेवारीत घ्यायचा नाही एवढं कळकळीने सांगावंसं वाटतं. कारण जानेवारीतली नवी मुंबई आणि जुलैमधली नवी मुंबई यात खूप फरक आहे आणि सत्तरीतल्या गुडघ्यांना तो फरक रोज जाणवतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: एकही पावसाळा न काढता फ्लॅट घेणं

पुण्यात वर्षाला साधारण ७००-७५० मिमी पाऊस पडतो, इकडे २००० मिमीच्या वर, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणजे सातारा, नगर, सोलापूरकडच्या माणसाने "पाऊस बघितलाय की आम्ही" म्हणून उपयोग नाही. जुलैमध्ये कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, कपाटातल्या साड्यांना वास येतो, चपलांना बुरशी येते, भिंतीला ओल धरते आणि ज्यांना दमा किंवा ॲलर्जी आहे त्यांचा खोकला सुरू होतो तो गणपतीपर्यंत जात नाही.

म्हणून आधी भाड्याने राहा. जूनच्या आत शिफ्ट व्हा, ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचं ॲग्रीमेंट, करा आणि ते रजिस्टर करा (महाराष्ट्रात ते कायद्याने बंधनकारक आहे, ब्रोकर "नोटरी चालते" म्हणाला तरी ऐकू नका). ब्रोकरेज आणि भाडं वाया जातंय असं मुलांना वाटतं, पण चुकीचा फ्लॅट घेऊन दोन वर्षांत परत विकण्यात जो पैसा जातो त्यापुढे हे काहीच नाही. फक्त स्टॅम्प ड्युटीच इकडे ७ टक्के आहे, बाईच्या नावावर घर असेल तर १ टक्का सवलत, वर रजिस्ट्रेशन वेगळं, आणि विकताना यातला एक रुपया परत येत नाही.

फ्लॅट बघायला जायचंच असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये, जोराचा पाऊस असताना जा. सिडकोच्या (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) जुन्या बिल्डिंगी असतील तर टॉप फ्लोअरचं सीलिंग बघा, बाथरूमच्या मागची भिंत हात लावून बघा, खिडकीच्या ग्रिलला किती गंज आलाय ते बघा, खारी हवा लोखंड आणि एसीची कॉइल लवकर खाते. यातल्या बऱ्याच बिल्डिंगींना लिफ्ट नाही, तिसऱ्या-चौथ्या मजल्याचा फ्लॅट स्वस्त मिळतो तो त्यामुळेच. आज चढता येतं म्हणून घेऊ नका, स्ट्रेचर कसा उतरवणार याचा विचार करून घ्या.

अजून एक, जे ब्रोकर कधीच सांगणार नाही. नवी मुंबईतले काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत, म्हणून सिडकोने होल्डिंग पाँड केलेत, भरतीच्या वेळी पावसाचं पाणी त्यात थांबतं आणि ओहोटीला खाडीत सोडतात. त्यात गाळ साठलाय, त्यामुळे साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की सखल सेक्टरमध्ये पाणी तुंबतं. ग्राउंड फ्लोअर गुडघ्यांसाठी बरा वाटतो पण घेण्याआधी समोरच्या मेडिकलवाल्याला आणि वॉचमनला विचारा, पाणी कुठपर्यंत येतं. आणि तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलंच, त्यातून पायाला जखम किंवा शुगर असेल तर "बघू उद्या-परवा" करू नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस नावाच्या तापाची) लागण अशाच पाण्यातून होते, २४ ते ७२ तासांत डॉक्टरला दाखवा.

समुद्र नाही, खाडी आहे

"सी व्ह्यू" म्हणून जे दाखवतात ती ठाण्याची खाडी किंवा पनवेलची खाडी, म्हणजे खारफुटी आणि चिखल. सुंदर आहे, पण पाय भिजवायला वाळू नाही. वाळूसाठी उरणला जावं लागतं, जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल सुरू झालीये, पुढे रिक्षा. रोज चालायला मात्र जागा छान आहेत, नेरुळचं ज्वेल, वाशीचं सागर विहार, खारघरचं सेंट्रल पार्क, ठाण्यात उपवन, कचराळी. यातली एखादी जागा घरापासून पायी दहा मिनिटांवर असेल तर त्या घरासाठी एक बेडरूम कमी चालेल, असं माझं ठाम मत आहे.

घाम आणि सोडियम

यावर जरा जास्त लिहिते, कारण आमच्या भागात पहिल्याच वर्षी ॲडमिट व्हावं लागलेल्या आजी-आजोबांच्या घरी "सोडियम कमी झालं होतं" हे वाक्य वारंवार ऐकलंय. देशावरचा उन्हाळा कोरडा, घाम येतो आणि उडून जातो, अंग थंड होतं. इकडे हवेतच इतका दमटपणा की घाम उडतच नाही, नुसता गळत राहतो, मे महिन्यात आणि परत ऑक्टोबरमध्ये. घामातून मीठ जातं, त्यात डॉक्टरांनी बीपीसाठी मीठ कमी करायला सांगितलेलं असतं, आणि बीपीच्या कितीतरी गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं (गोळीच्या नावापुढे एच लिहिलं असेल तर बहुतेक तेच). वरून सगळे सांगतात भरपूर पाणी प्या. मग नुसतं पाणी पिऊन पिऊन रक्तातलं सोडियम आणखी खाली जातं.

लक्षणं सुरुवातीला साधी असतात, मळमळ, डोकं दुखणं, सुस्ती, तोल जाणं, मग एकदम असंबद्ध बोलायला लागतात आणि घरच्यांना वाटतं वय झालं. असं काही दिसलं तर सोडियम-पोटॅशियमची रक्ततपासणी लगेच करून घ्या, आणि खूपच गुंगी किंवा झटके असतील तर थेट हॉस्पिटल, १०८ ला फोन करा. घरच्या घरी मीठ वाढवणं किंवा गोळी बंद करणं हे दोन्ही करू नका, हार्ट आणि किडनीवाल्यांना त्याने उलटा त्रास होतो. खरं तर इकडे शिफ्ट झाल्यावर पहिल्या महिन्यातच जुनी फाइल घेऊन इथल्या फिजिशियनला भेटायला पाहिजे, हवा बदलल्यावर डोस बदलावा लागेल का हे तेच सांगतील.

गावचा पैसा मुलाच्या फ्लॅटमध्ये, नाव कुठेच नाही

हे बोलायला अवघड जातं, पण बोलते. घर-जमीन विकून ४०-५० लाख मुलाच्या टू बीएचकेत घालतात आणि ॲग्रीमेंटवर नाव फक्त मुलगा-सुनेचं. भांडणं होतीलच असं नाही, पण मुलाची बदली होते, लोन थकतं, घटस्फोट होतो, कोणाचं काही बरंवाईट होतं. पैसे घालताय तर ॲग्रीमेंटवर नाव घाला. बक्षीसपत्र करत असाल तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्या, कारण ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ अशी अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करायला मदत करतं, अट लिहिलेलीच नसेल तर ते रद्द करून घेणं खूप अवघड होतं. सोसायटीची जमीन अजून सिडकोच्या लीजवर आहे का, ट्रान्सफर चार्जेस किती, हेही लेखी विचारा.

लोकेशन

ब्रोकर सगळ्यालाच नवी मुंबई म्हणतो. नेरुळ-वाशीला महापालिकेच्या मोरबे धरणाचं पाणी आहे. खारघर-कामोठे पनवेल महापालिकेत येतं, उलव्यात पाण्याची वेगळीच गणितं, उन्हाळ्यात टँकर लागतो का ते विचारा. तळोजा एमआयडीसीकडच्या सेक्टरमध्ये रात्री नऊनंतर जाऊन अर्धा तास उभे राहा, केमिकलचा वास बहुतेक रात्रीच येतो. ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीकडे मोठं घर स्वस्तात मिळतं पण स्टेशन, गडकरी रंगायतन, मोठी हॉस्पिटलं सगळ्यासाठी तोच एक रस्ता, आणि त्यावर ट्रॅफिक खूप असतं.

आलात आणि जमत नाहीये?

मुलं आठला निघतात, रात्री साडेआठला येतात, मधले बारा तास टीव्ही. आमच्या बिल्डिंगमध्ये कराडकडचे एक रिटायर्ड हेडमास्तर आहेत, गावात चौकात गेले की दहा जण नमस्कार करायचे, इकडे लिफ्टमध्ये कोणी बोलत नाही, सहा महिने ते घराबाहेरच पडले नव्हते. सोसायटीतल्या एका आजीने त्यांना विरंगुळा केंद्रात नेलं, आता ते तिथे पेपर वाचून दाखवतात. नवी मुंबई महापालिकेची अशी केंद्रं बऱ्याच सेक्टरमध्ये आहेत, जवळजवळ प्रत्येक नोडमध्ये (म्हणजे वाशी, नेरुळसारख्या भागात) ज्येष्ठ नागरिक संघ आहे, भजनी मंडळं आहेत. पहिल्यांदा एकटं जायला संकोच वाटतो, म्हणून मुलाने किंवा सुनेने एक रविवार काढून सोबत जावं.

तरीही जमलं नाही तर गावचं घर अजून असेल तर जून ते सप्टेंबर तिकडे, बाकीचे महिने इकडे, असं करणारी बरीच जोडपी सुखात आहेत. एसटीला ७५ वर्षांपुढे तिकीट नाही, ६५ ते ७४ ला अर्धं. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरमध्ये गावच्या बँकेत धावत जायची गरज नाही, जीवन प्रमाण मोबाइलवर चेहरा दाखवून होतो. आणि घर विकून झालंय, मुलांशी बोलणंही होत नाहीये अशी वेळ असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.